साडेतीन मिनिटांचं रीळ

डबा हातात आला की तो आधी नाकाशी धरायचा. झाकण बोटभर उचलायचा, डोळे मिटायचा आणि पाडाचा आंबा पारखावा तसा वास घ्यायचा. तेवढ्यात कुणी बोलायला लागलं तर दुसरा हात वर करायचा.

"एक मिनिट. वास घिऊ द्या."

मग डोळे उघडून निकाल. "सिरका झालाय मामा. ह्यो गेला." किंवा चेहरा उजळून, "जिता हाय."

डब्यात जुन्या फिल्मचं रीळ असायचं. फिल्म सडायला लागली की तिला सिरक्यासारखा आंबूस वास सुटतो, हे मला त्याच्यामुळं कळलं. मी आष्टीत चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवतोय, निम्मं आयुष्य फिल्म धुण्यात गेलं, पण ती हुंगून बघावी असं कधी सुचलं नव्हतं.

आमची दुकानं समोरासमोर. रस्त्यापलीकडं त्याच्या अब्बांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरी-बोअरवरच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या. बापलेक आतली काळी पडलेली तार उपसून काढायचे आणि नवी तांब्याची तार भरायचे. अब्बा कमी बोलणारा माणूस, आणि पोरगा सगळ्या गल्लीचं मिळून बोलणारा. वय चोवीस-पंचवीस. तुमच्याही गावात असा एखादा असेल बघा, ज्याला एकाच गोष्टीचं वेड असतं आणि त्या वेडापायी तो सगळ्यांना आवडतो.

एका शाळेनं विज्ञानाचं कपाट रिकामं केलं, त्यात सोळा मिलिमीटर रुंद फिल्मचा एक प्रोजेक्टर निघाला. मोटार जळाली म्हणून तो यांच्या दुकानात आला आणि परत कुणी न्यायलाच आलं नाही. पोरानं मोटार भरली, शिलाई मशीनचा पट्टा बसवला, मोटरसायकलच्या हेडलाइटचा बल्ब लावला आणि एक दिवस माझ्या स्टुडिओतल्या पांढऱ्या पडद्यावर उजेडाचा चौकोन पाडला. त्यात चित्र काही नव्हतं, नुसता चौकोन. तो तेवढ्यावरच अर्धा तास खूश होता.

पुढं भंगारवाले, जुन्या टुरिंग टॉकीजवाल्यांची घरं, एका डॉक्टरांचा माळा, असं फिरून फिरून त्यानं अकरा मशिनी जमवल्या. त्याची आई माझ्या बायकोला म्हणायची, "घरात माणसं पाच अन् मशिनी अकरा. सून आली तर कुठं बसवू?"

एकदा त्यानं गल्लीत खेळ लावला. त्याच्याकडं तेव्हा एकच धड रीळ होतं, जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगावरचं सरकारी माहितीचं. आवाज गेलेला. मग हाच मशिनीशेजारी उभा राहून बोलायला लागला. "ही गाय आजारी हाय. ह्यो डाक्टर आला. डाक्टरची चप्पल बघा, लई भारी हाय." चाळीसएक माणसं फरशीवर बसून गाईच्या तोंडातले फोड गंभीरपणे बघत होती. शेवटी गाय बरी झाली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आणखी एक खोड होती. फिल्ममध्ये दिसलेली जागा तो शोधत जायचा. डॉक्टरांच्या घरच्या रिळात कुठल्या तरी पारावर बसलेली मुलं होती, तर हा स्कूटरवर तीन गावं पालथी घालून तो पार बघून आला. "पार तसाच हाय मामा. पोरं म्हातारी झालीत."

बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा घेऊन तो आला ती दुपार मला नीट आठवते. ऊसतोडीच्या गाड्या नुकत्याच गेल्या होत्या, निम्मी गावं रिकामी झाली होती, बाजारात कुणी नव्हतं. कडा गावाकडच्या एका खेड्यात, गावाचं नाव लिहीत नाही, एक मोठे बागायतदार पुढारी आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांचं जुनं घर पाडून बंगला बांधला, तेव्हा नातवानं माळ्यावरचं सामान भंगारात घातलं. भंगारवाल्यानं हा डबा ओळखून याच्यासाठी बाजूला ठेवला.

"आठ मिलिमीटर, मामा. आपल्या तालुक्यात त्या काळी असा क्यामेरा कुणाकडं आसंल, मला वाटलं न्हवतं." आबांच्या मोठ्या भावाला कुणीतरी परदेशातून आणून दिला होता, असं नंतर कळलं.

डब्यात तीन रिळं. दोन सिरका झालेली. तिसरं जितं, पण आवळलेलं. जुनी फिल्म आकसते, कडेच्या भोकांमधलं अंतर कमी होतं, मग मशिनीची नखी भोकात नीट बसत नाही आणि कड फाडत जाते. असं रीळ तो एकदाच चालवायचा. दुसऱ्यांदा चालवणं त्याच्या लेखी पाप होतं.

"एकदाच लावतो. तेवढ्यात तुमी क्यामेऱ्यात उतरून घ्या."

मी स्टँडवर कॅमेरा लावला. साडेतीन मिनिटं होती सगळी. रंग मात्र कालचे वाटावेत असे. शिंगं रंगवलेले बैल. विहिरीच्या काठावर हार घातलेलं नवंकोरं इंजिन. टोप्या घातलेली माणसं, नारळ. एक मिशीवाला तरुण, एक हात इंजिनावर आणि एक कमरेवर. उभं राहायची ती ढब मी ओळखली. आबांचे फ्लेक्स मीच छापतो. मग कॅमेरा वळला आणि हिरव्या लुगड्यातली एक बाई कळशी घेऊन आली. कॅमेरा दिसताच थबकली, पदर दातात धरून हसली. कळशी खाली ठेवली आणि एक हात पाठीला, एक हात पोटावर ठेवून उभी राहिली. आठवा महिना तरी असेल. मग पांढरे ठिपके, आणि रीळ संपलं.

"कसली हसलीय," तो म्हणाला. "कोण आसंल वो?"

मला माहीत नव्हतं. आबांच्या घरातल्या दोन पिढ्यांच्या लग्नांचे फोटो मी काढलेत. ही बाई कुठल्याच अल्बममध्ये नव्हती. ते चित्रण मी कॉम्प्युटरवर ठेवलं, त्याच्या मोबाइलमध्येही घातलं.

दोन दिवसांनी तो ती विहीर शोधायला गेला. परत आला तो हसतच. "गंमत बघा मामा. आबांच्या रानातल्या गड्याला इचारलं, हितली इहीर कुठं हाय? तर म्हणला, कसली इहीर, हितं इहीर न्हवतीच. मी म्हणलं, आरं फिल्ममदी हाय. तर मला म्हणला, निघ बे हितनं."

"मग?"

"मग काय. लिंबाचं झाड वळखलं मी. त्याच्या शेजारी इहीर पायजे. तिथं आता पत्र्याचं शेड हाय. बुजवलीय."

त्याला ते कोडं सुटल्याचा आनंद झाला होता. मला का कुणास ठाऊक, आवडलं नाही. मी म्हटलं, "कशाला विचारत फिरतोस?" तो म्हणाला, "कावून? त्यांचीच तर हाय."

आबांना हे रीळ भेट द्यायचं त्यानं मनाशी ठरवलं होतं. नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला नातवाशी बोलून खेळही ठरवला. मालकासाठी म्हणून रीळ दुसऱ्यांदा चालवायचं पाप तेवढं एकदा करायचं, म्हणाला. फोटो काढायला मी होतोच. भर दुपारी हॉलचे पडदे ओढले, सोफ्यावर आबा, भोवती पाहुणे. सुरुवातीला सगळे हसत होते. बैल बघून कुणी नावं सांगत होतं. तरुण आबा दिसले तेव्हा टाळ्या झाल्या. मग कॅमेरा वळला आणि हिरवं लुगडं आलं.

हॉलमधल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं एकदम थांबलं. तरुणांना काही कळलं नाही.

"बंद कर," आबा म्हणाले. आवाज चढवला नव्हता.

त्यानं आधी बल्ब विझवला, मग मोटार. रीळ थांबलं आणि बल्ब चालू राहिला तर ते चित्र जळतं. तेवढ्या घाईतही त्यानं ती बाई जपली, हे माझ्या लक्षात आलं.

पडदे उघडले. आबा हसले. "चांगलंय. कुठं घावलं तुला? आजून कुणी पायलंय?"

त्यानं सरळ माझ्याकडं बोट केलं. "मामांनी. त्यांनी कॉपी बी करून ठिवलीय."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. तीस वर्षं मी त्यांचे फोटो काढतोय, पण ते माझ्याकडं असे प्रथमच बघत होते.

"ठिव हितंच ते," ते त्याला म्हणाले.

"आबा, कड फाटलीय. जोड मारून आठ दिवसांत आणून देतो."

पाहुणे बसले होते. आबा थोडं थांबून म्हणाले, "आण." आणि मला म्हणाले, "पंगतीचे फोटो घ्या." स्वयंपाकघराच्या दारात जुनी स्वयंपाकीणबाई पदराचा बोळा तोंडाला लावून उभी होती.

परत येताना त्यानं स्कूटर हळू घेतली. "मामा, ती बाई कोण?"

मग मी त्याला सांगितलं, जे आमच्या वयाच्या सगळ्यांना माहीत आहे आणि जे कुणी मोठ्यानं बोलत नाही. आबांची पहिली बायको, रानात इंजिन बसलं त्याच साली, पळून गेली होती. मूल होत नव्हतं, माहेरी पाठवायचं ठरलं होतं, त्याआधीच एका पहाटे ती नाहीशी झाली. तिच्या माहेरच्यांनी लाजेनं शोधसुद्धा घेतला नाही.

त्यानं स्कूटर कडेला घेतली.

"मामा, आठव्या महिन्यात कोण पळंल?"

"गाडी चालव," मी म्हणालो. "आणि ते रीळ उद्याच देऊन टाक."

ते त्यानं दिलं नाही. पाचव्या दिवशी एक म्हातारी बाई माझ्या दुकानाच्या पायरीशी आली. पांढरे केस, हातात पिशवी. युसूफ वडगाव या गावाहून तीन एसट्या बदलून आली होती. स्वयंपाकीणबाईनं निरोप धाडला होता. "वायरीवाल्या पोराचं दुकान कुठलं? माझी भन त्याच्या पिच्चरमदी हाय म्हणं."

मी पलीकडं बोट केलं. जायला नको होतं, तरी मागून गेलो.

त्याच्या अब्बांनी सगळं ऐकलं. मग उठून बाहेर स्टूल टाकून बसले आणि शटर बाहेरून खाली ओढलं. आत खिडकीला पोती लावली, भिंतीवर धुतलेली लुंगी टांगली. म्हातारी वाइंडिंगच्या टेबलाशेजारी खाली बसली. बैल गेले, इंजिन गेलं. हिरवं लुगडं आलं.

"आक्का," ती म्हणाली. एवढंच.

रीळ संपलं, मशीन रिकामीच फिरत राहिली. मग ती म्हणाली, "पोटुशी हुती. आमाला सांगितलं, वांझ हाय. माझा बाप त्या सालात मान खाली घालून मेला." आणि जरा वेळानं, "लेकरा, पुन्ना दाव."

मी त्याच्याकडं पाहिलं. त्याला माहीत होतं काय होणार. त्यानं रीळ परत गुंडाळलं आणि लावलं. आता मशिनीचा आवाज बदलला होता, टिकटिक जाऊन कागद फाटल्यासारखी करकर येत होती. टेबलावर फिल्मचे बारीक तुकडे कोंड्यासारखे पडत होते. तिनं पुन्हा सांगितलं, त्यानं पुन्हा लावलं. चौथ्या वेळी बरोबर तिच्या बहिणीच्या तोंडावर फिल्म तुटली. त्यानं चिकटपट्टीचा जोड मारला, फुंकर घातली, परत लावलं. ज्या पोराच्या लेखी आवळलेलं रीळ दुसऱ्यांदा चालवणं पाप होतं, त्यानं ते तिच्यासाठी पाच वेळा चालवलं आणि एकदाही तिला सांगितलं नाही की फाटतंय.

शेवटी तीच म्हणाली, "बास आता. लई वेळा चालवली तिला. दमली आसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पिकअप आली. चार माणसं, इस्त्रीचे पांढरे शर्ट. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उचलला नाही. "आबांना ह्या वस्तूंचा नाद लागलाय. सगळं घिऊन या म्हणले." सगळं म्हणजे अकरा मशिनी, डबे, बल्ब, जोड मारायची पट्टी. ते रीळ आधी मागून घेतलं. त्याचा मोबाइल 'जरा बघायला' घेतला, परत दिला तेव्हा त्यात काही नव्हतं. अब्बा स्वतः एकेक मशीन उचलून देत होते, पटापट, म्हणजे ते लवकर जातील. तो मधे उभा होता. एकदाच बोलला. "आडवं ठिवू नका. भिंग सरकतंय."

मग त्यातले दोघे रस्ता ओलांडून माझ्याकडं आले. एकाच्या लग्नाचे फोटो मी काढलेले. "काका, चहा पाजा." मी चहा मागवला. "ते इंजिन पूजेचं तुमच्याकडं बी हाय म्हणं."

मी कॉम्प्युटर लावला. त्यांच्यासमोर ते पुसलं.

"कचऱ्याच्या डब्यातनं बी, काका."

तिथूनही पुसलं. ते शांतपणे चहा पीत होते. मान वर केली तेव्हा तो पलीकडून माझ्याकडं बघत होता. मी वीज गेल्याचं सांगू शकलो असतो. कॉम्प्युटर बिघडलाय म्हणू शकलो असतो. त्या क्षणी मला यातलं काहीच सुचलं नाही. खरं म्हणजे सुचवून घ्यायचंच नव्हतं. माझ्या मुलाचं दुकान आबांच्याच गाळ्यात आहे.

तो आठवडाभर गप्प बसून तार भरत होता. आम्हाला वाटलं, संपलं. पण एका सोमवारी तो त्या म्हातारीला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेला आणि पोलिसांच्या कचेरीत अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चहाही दिला. रीळ कुठं आहे, विचारलं. नाही. कॉपी? नाही. मग पाहणारं आणखी कुणी? तेव्हा तो म्हणाला, "मामांनी पायलंय. ते सांगतील."

माझा फोन वाजला तेव्हा मी एका लहान मुलीचा शाळेसाठी फोटो काढत होतो. साहेबांनी नीट, सावकाश विचारलं. असं काही चित्रण तुम्ही पाहिलं होतं का?

"नाही साहेब," मी म्हणालो. "त्याच्याकडं जनावरांच्या रोगाची फिल्म होती. ती पाहिलीय एकदा."

मुलगी स्टुलावर तशीच ताठ बसून होती. मी तिचा फोटो काढला.

दिवस मावळायच्या आत तो परत आला. सरळ माझ्या दुकानात आला. मला वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल, मला तेच बरं वाटलं असतं. तो काउंटरला टेकून उभा राहिला.

"मामा, तुमाला बी पोरंबाळं हायत. कळतंय मला."

मी काउंटरवरचे फोटो सारखे केले.

"फक्त मी खोटा पडलो. तिच्यासमोर खोटा पडलो."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. पण मला टाळलंही नाही. सकाळी शटर उघडताना नजर गेली तर मान हलवायचा, नेहमीसारखी.

पंधरा दिवसांनी एका सकाळी तो स्कूटर बाहेर काढत होता. अब्बांनी हाक मारून थांबवला, खाली बसले आणि ब्रेकची वायर हातात धरून पाहिली. ती सोडवून दुकानासमोर नेली, उजेडात धरली. तारेत आयुष्य गेलेल्या माणसाला झिजून तुटलेली तार आणि पक्कडीनं कापलेली तार यातला फरक लांबून कळतो. त्यांनी तार खिशात घातली. घरात गेले, पिशवी भरली आणि पोराला दुपारच्या गाडीनं लावून दिलं. आई स्टँडपर्यंतसुद्धा गेली नाही, लोकांना दिसू नये म्हणून.

तो कुठल्या तरी मोठ्या शहरात मोटारी भरतोय, एवढं मला माहीत आहे. फोन येतो, हेही माहीत आहे, कारण तो आला की अब्बा दुकानातून उठून मागच्या बोळात जातात. एकदा मी विचारलं, "बरा आहे ना?"

"बरा हाय."

"कुठं असतो?"

त्यांनी मोटारीतून मान वर केली नाही. "कामावर," म्हणाले. मला सांगायचं नाही हे त्यांनी ठरवलंय, आणि ते बरोबर आहे.

गेल्या महिन्यात ती म्हातारी परत आली. एकटीच. या वेळी सरळ माझ्या दुकानात. पायरीवर पिशवी ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, त्यो पोरगा जाताना मला फोनवर सांगून गेला. म्हणला, मामा वाईट माणूस न्हाईत, घाबरल्यात. जरा दिवस जाऊ द्या, मग जावा त्यांच्याकडं. तुमी फकस्त एवढं म्हणा की पोटुशी हुती. दुसरं काय बी म्हणू नका. तेवढंच म्हणा."

मी तिला म्हणालो, विचार करून सांगतो, पुढच्या मंगळवारी या.

ती मंगळवारी आली. सकाळी अकराच्या एसटीनं उतरलेली मी लांबून पाहिली आणि शटर आतून खाली वीतभर फट राहील इतकं ओढून घेतलं. लाइट बंद केले. खालच्या फटीतून तिचे पाय दिसत होते. पायांत धुळीनं भरलेल्या प्लास्टिकच्या चपला. ती दोनदा "भाऊ" म्हणाली. मग थांबली. मग पाय वळले आणि रस्ता ओलांडून गेले.

वाकून पाहिलं तर ती त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती, जिथं तो दुपारचा डबा खायला बसायचा. अब्बा आतून आले. तिला पाण्याचा तांब्या दिला. माझ्या शटरकडं पाहिलं नाही. हातातली तार बाजूला ठेवली आणि तिच्यापासून जरा अंतर ठेवून तेही पायरीवर बसले. दोनची गाडी लागेपर्यंत ती दोघं तशीच बसून होती. मी आत अंधारात उभा होतो.